सोळा तासांचे तिकीट, अठ्ठावीस तासांचा प्रवास

परदेशी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याचा बेत घरात ठरू लागला, की पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा वेळेचा. ‘किती तास लागतात?’ असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात आणि आपण तिकिटावरचा आकडा वाचून दाखवतो. तो आकडा खोटा नसतो; परंतु तो विमानाचा असतो, माणसाचा नसतो. सत्तरी ओलांडलेल्या शरीराला जो प्रवास करावा लागतो, त्याचे मोजमाप त्या आकड्यात सापडत नाही. हा धडा मी माझ्या आईच्या सोबतीने, मुंबई ते न्यूयॉर्क या वाटेवर शिकले. आपल्यावर तो अनुभवाने शिकण्याची पाळी येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

दोन विमानतळांमधील दोरा

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण एका दमात ओलांडतो. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल, तर त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत एक दोरा ताणून पाहा. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाईलसे वाटते. गोलावरचा दोरा मात्र वर वर सरकत कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेवरून रशिया, नॉर्वे आणि आइसलँड गाठतो, ग्रीनलँडचे दक्षिण टोक शिवतो आणि कॅनडाच्या लाब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच.

प्रत्यक्षात विमान नेहमी या दोऱ्यावरून जातेच असे नाही. वारे, वादळे आणि देशांच्या हवाई हद्दी यांप्रमाणे ते वळसे घेते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक फेऱ्या लांबल्या. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे झोत असतात. जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी राहतात. म्हणून थेट विमानाला जाताना साधारण पंधरा ते सोळा तास लागतात आणि येताना चौदाच्या आसपास.

हे अंतर पूर्वी असे एका दमात कापले जात नसे. १९४८ च्या जून महिन्यात ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. त्या थांब्यांत वेळ जाई. परंतु प्रवासी खाली उतरत, चार पावले चालत, पाय मोकळे करीत. आजच्या थेट विमानाने तो वेळ वाचवला आणि त्याबरोबर ते चालणेही काढून घेतले. ते आता आपल्याला विमानाच्या आतच, आठवणीने भरून काढावे लागते.

आईचे घड्याळ

मे महिन्याचे दिवस होते. माझा भाऊ न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. आईचे वय शहात्तर. रक्तदाबाची गोळी आणि गुडघेदुखी एवढ्याच तक्रारी. निघण्याआधी तिने विचारले, “किती वेळ लागतो गं?” मी सहज उत्तर दिले, “सोळा तास. एका रात्रीचा तर प्रवास आहे, आई.” तिला धीर द्यावा, एवढाच माझा हेतू होता.

पुण्याहून कोथरूडचे घर आम्ही संध्याकाळी पाच वाजता सोडले. द्रुतगती मार्ग, मुंबईची गर्दी, मग सहारचा तो भव्य टर्मिनल! तेथील शुभ्र खांब वर जाऊन मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलतात, भिंतींवर देशभरातील कलाकृती मांडलेल्या आहेत. आईला ते सारे फार आवडले. परंतु पाहता पाहता चालणेही फार झाले. चाकांच्या खुर्चीला तिने ठाम नकार दिला होता. “मी काय पांगळी आहे?” हा तिचा प्रश्न. सामान, तपासणी, पारपत्राची रांग आणि मग लांबच लांब दालनातून प्रवेशद्वारापर्यंतची पायपीट. विमान रात्री दीड वाजता उडाले, तेव्हा घर सोडून साडेआठ तास झाले होते आणि हवाई प्रवासाचे पहिले मिनिटही सरले नव्हते.

मी झोपून गेले. जाग आली तेव्हा आई टक्क जागी, हात मांडीवर घट्ट धरून बसलेली. तिच्या मनगटावरच्या घड्याळात भारतातील सकाळचे नऊ वाजले होते. तिने हळूच विचारले, “आता आलंच असेल ना?” समोरच्या पडद्यावर पाहिले, तर साडेआठ तास उरले होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. तिने सोळा तास मोजले होते. पण घराचे दार लावल्यापासून! संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत. आणि या हिशेबाने तिने आणखी एक गोष्ट केली होती. विमानातील अरुंद स्वच्छतागृहात जाणे नको, मधल्या आसनावरून शेजाऱ्याला उठवणे नको, म्हणून तिने आदल्या संध्याकाळपासून पाणी जवळजवळ घेतलेच नव्हते. “तू सोळा म्हणालीस, म्हणून तेवढं सोसायचं ठरवलं,” ती म्हणाली. त्या वाक्यात तक्रार नव्हती आणि म्हणूनच ते मला आजही विसरता येत नाही.

पुढे मी तिला घोट घोट पाणी पाजले, हाताला धरून फेऱ्या मारवल्या. खिडकीबाहेर पहाट तासन्‌तास रेंगाळत होती. आपण सूर्याच्या पुढे पळत असल्यामुळे तो वर येण्याचे नाव घेत नव्हता. तरीही न्यूयॉर्कला पारपत्र तपासणीच्या रांगेत ती पांढरीफटक पडली आणि मटकन खाली बसली. तेथील कर्मचाऱ्यांनी खुर्ची आणली, पाणी दिले. मी पिशवीतील क्षार-साखरेचे पाकीट त्यात विरघळवले. अर्ध्या तासाने तिला बरे वाटले. फार काही बिघडले नाही. परंतु ती तेथे पडली असती, नितंबाचे हाड मोडले असते, तर? तो प्रश्न ‘सोळा तास’ या माझ्या बेफिकीर उत्तराशी येऊन थांबतो.

सकाळी आठला उतरलो, दहाच्या सुमारास बाहेर आलो. समुद्राकाठच्या रस्त्याने, वेराझानो पुलावरून स्टेटन बेट ओलांडून एडिसनला पोहोचायला साडेअकरा झाले. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. घर ते घर अठ्ठावीस तास! त्यांतील सोळाच विमानाचे.

म्हणून पहिली विनंती ही, की ज्येष्ठांना खरा आकडा सांगा. भीती वाटेल म्हणून तो लहान करू नका. ज्यांनी आयुष्यभर कष्ट सोसले, त्यांना अठ्ठावीस तासांची भीती वाटत नाही. परंतु सोळाची तयारी करून अठ्ठावीस काढणे कोणालाही जड जाते. कागदावर मोठ्या अक्षरांत टप्पे लिहून द्या: घर, विमानतळ, विमान, तपासणी, गाडी, घर. प्रत्येकापुढे तास आणि त्या वेळी घ्यावयाचे पाणी, खाणे, औषध. आता कोणता टप्पा चालू आहे, हे कळले की मन शांत राहते.

विमानातील हवा आणि आपले शरीर

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. परंतु आतील हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा, इतका ठेवलेला असतो. म्हणजे आपण सोळा तास सिमल्यासारख्या उंचीच्या ठिकाणी बसून असतो. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण त्यामुळे थोडे उतरते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. पण हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असतील, जिना चढताना धाप लागत असेल, रक्त फार कमी असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरज भासल्यास विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो आणि प्राणवायूची व्यवस्था आधीच ठरवावी लागते. अलीकडे शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर स्वतःच्या अंदाजाने तारीख ठरवू नये. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्यच. उंचीवर तो वायू फुगून दृष्टीला धोका होतो.

पोटातील वायूही तसाच पाव ते एक-तृतीयांश फुगतो. म्हणून निघण्याच्या दिवशी छोले, राजमा, तळलेले पदार्थ आणि फसफसणारी पेये टाळावीत. आपल्या आजीच्या काळातील दशम्या या प्रवासालाही उत्तम सोबत करतात. हवा अतिशय कोरडी असते, तिच्यातील आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असते. दर तासा-दीड तासाने अर्धा पेला पाणी घ्यावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी प्रवासातले प्रमाणही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आणि आता तो संकोचाचा विषय. अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, स्वच्छतागृहाच्या अडचणीमुळे पाणी टाळतात आणि कोणाला सांगतही नाहीत. सोबत करणाऱ्याने हा विषय आपणहून काढावा. आसन मार्गिकेच्या कडेचे आणि स्वच्छतागृहाजवळचे मागून घ्यावे. जेवणाच्या गाड्या निघण्याआधी एकदा जाऊन यावे. कपडे सैल, सहज सोडता येतील असे असावेत. चालणे अवघड असेल, तर लांब पल्ल्याच्या विमानांत मार्गिकेतून जाणारी अरुंद चाकांची खुर्ची सहसा असते; ती आहे ना, हे तिकीट काढतानाच विचारावे.

बराच वेळ पाय लटकवून बसल्याने पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या अहवालात नमूद केले होते. निरोगी माणसांत तो साधारण सहा हजारांत एक इतका कमीच; परंतु पूर्वी गुठळी झालेल्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि अतिस्थूल व्यक्तींना तो अधिक असतो. बसल्या बसल्या पावले वर-खाली करावीत, घोटे गोल फिरवावेत, जागे असताना दर दीड-दोन तासांनी मार्गिकेत एक फेरी मारावी. घट्ट मोजे घालायचे असतील, तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचे असावेत. झोपेची गोळी शक्यतो नकोच. तिच्यामुळे हालचाल थांबते आणि जाग आल्यावर भ्रम होऊ शकतो. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

औषधांचा दिवस किती तासांचा?

मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. उरलेल्या काळात साडेदहा तास. जाताना आपला दिवस तेवढा लांबतो, येताना तेवढाच आखडतो. मधुमेहींसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. लांबलेल्या दिवसात इन्सुलिन वाढवावे लागू शकते, आखडलेल्या दिवसात कमी करावे लागू शकते. हा बदल मनाने करू नये. विमानाच्या वेळा डॉक्टरांना दाखवून, कोणती मात्रा कोणत्या देशाच्या किती वाजता, याचा तक्ता करून घ्यावा. आईच्या दुसऱ्या फेरीत आम्ही तिच्या हातात दोन घड्याळे बांधली, एक भारताचे आणि एक न्यूयॉर्कचे. सहप्रवासी हसले; पण गोळी एकदाही चुकली नाही.

औषधे नेहमी हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. चिठ्ठीत औषधाचे शास्त्रीय नाव असावे. आपल्याकडील व्यापारी नावे तिकडे ओळखली जातीलच असे नाही. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात कधीही देऊ नये. तेथील थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. हृदयाला पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड तपासणीआधीच दाखवावे.

चाकांच्या खुर्चीविषयी एक शब्द. ती मागणे म्हणजे अपंगत्वाची कबुली नव्हे. ती विनामूल्य मिळते, फक्त तिकिटाच्या वेळी किंवा निदान अठ्ठेचाळीस तास आधी नोंदवावी. माझ्या आईने दुसऱ्या खेपेला ती घेतली, तेव्हा म्हणाली, “पालखीत बसल्यासारखं वाटलं.” पहिल्या खेपेला पायपिटीत जी शक्ती खर्ची पडली, ती या वेळी नातवासाठी शिल्लक राहिली. थेट विमान घ्यावे की मध्ये थांबणारे, याचाही निर्णय शरीर पाहूनच करावा. ज्यांना दीर्घकाळ बसवत नाही, पण चालता येते, त्यांना मधला तीन-चार तासांचा थांबा सुखाचा ठरतो; ज्यांना विमान बदलण्याची धावपळ झेपत नाही, त्यांनी थेट विमानच घ्यावे.

पोहोचल्यानंतरचे दिवस

शरीराचे घड्याळ विमानाच्या वेगाने फिरत नाही. दर एका तासाच्या फरकासाठी साधारण एक दिवस, असा ठोकताळा आहे. म्हणजे न्यूयॉर्कला रुळायला आठ-दहा दिवस, आणि पूर्वेकडे परतल्यावर बहुधा त्याहून थोडे अधिक. त्या दिवसांत आई रात्री दोनला टक्क जागी असे आणि दुपारी जेवताना पेंगत असे. भावाने पहिल्याच रविवारी ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांत फिरायला न्यायचे ठरवले होते. ते आम्ही पुढच्या आठवड्यावर ढकलले. दिवसा उजेडात फिरणे, दुपारची झोप अर्ध्या तासापुरती, रात्रीचे जेवण हलके आणि तिथल्या वेळेवर, एवढे पाळल्यास घड्याळ हळूहळू जुळते.

यजमान मुलांनी या आठवड्यात रात्रीची काळजी घ्यावी. अमेरिकेत निजण्याच्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यावर असतात, जिने लाकडी आणि गुळगुळीत. अपरिचित घरात, मध्यरात्री, अर्धवट झोपेत उठलेल्या वृद्धाला स्वच्छतागृहाचे दार आणि जिन्याचे तोंड यांत गफलत होऊ शकते. खोलीत मंद दिवा, वाटेत सैल गालिचा नाही, जिन्याच्या तोंडाशी आडोसा, एवढे हवेच. शक्य असल्यास पहिले काही दिवस खालच्या मजल्यावर अंथरूण घालावे. विसरभोळेपणा सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या खोलीत कोणीतरी झोपावे. आणि आरोग्य विमा काढताना जुन्या आजारांचा त्यात समावेश आहे का, हे निघण्याआधीच वाचून घ्यावे.

हे अंतर उलट दिशेनेही मोजून ठेवावे, असे मला वाटते. येथे आई-वडिलांपैकी कोणी अचानक आजारी पडले, तर तिकडचे मूल तिकीट मिळाल्या क्षणी निघाले तरी घरी पोहोचायला सव्वा दिवस लागतो. तो काळ कोण निभावणार? जवळचा एक नातेवाईक किंवा शेजारी, औषधांची आणि ॲलर्जीची यादी, विम्याची कागदपत्रे, रुग्णालयात कोणी निर्णय घ्यावा याविषयी आधीच झालेले बोलणे, यांची तजवीज चांगल्या दिवसांतच करून ठेवावी. ‘मुलगा येईपर्यंत थांबा’ असे म्हणण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

दुसऱ्या खेपेला निघताना आईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, “किती वेळ लागतो गं?” या वेळी मी म्हणाले, “अठ्ठावीस तास, आई. आणि मग आठ दिवस विश्रांती.” तिने थोडा विचार केला, पिशवीत पाण्याची रिकामी बाटली आणि दशम्यांची पुरचुंडी ठेवली, दोन्ही घड्याळांना किल्ली दिली आणि म्हणाली, “चल. एवढं ठाऊक असलं की झालं.”